बाबा कोणत्या प्रकारात बसतात?

तिरकस_तिकोना – रविवार, रात्री ९:४०

भाची अकरावीला आहे, कला शाखा. गाव सातारा जिल्ह्यात, शिकायला आमच्याकडे डोंबिवलीला. काल अर्थशास्त्राची वही घेऊन आली. 'बेरोजगारीचे प्रकार उदाहरणांसह लिहा.' म्हटलं, दहा मिनिटांचं काम. खेड्यात हंगामी आणि छुपी, शहरात सुशिक्षित आणि औद्योगिक, औद्योगिकच्या पोटात तांत्रिक (यंत्र आलं म्हणून), घर्षणजन्य (एक नोकरी सुटून दुसरी मिळेपर्यंत), चक्रीय (मंदीमुळे), संरचनात्मक (उद्योगाची घडीच बदलली म्हणून). तक्ता पाठ केला की झालं.

उदाहरणं ओळखीतली घेऊ म्हणजे लक्षात राहतील, असा माझा शहाणपणा. धाकटा मामा नोकरी सोडून बसलाय, दुसरीकडून बोलावणं यायचंय, म्हणजे घर्षणजन्य. खालच्या मजल्यावरचा दादा पुण्यात अभ्यासिकेत पाचवं वर्ष काढतोय, तो सुशिक्षित. मग छुपी आली. कामाला लागतात त्यापेक्षा जास्त माणसं, त्यातली काही काढून घेतली तरी उत्पादन घटत नाही. मी म्हणालो, "समज, साडेतीन एकर रान आणि त्यावर तीन भाऊ."

तिने पेन खाली ठेवलं. "मामा, म्हणजे बाबा बेकार आहेत?"

साडेतीन एकर, तीन भाऊ. उदाहरण हवेतून काढलं असं मला वाटलं होतं, पण आलं ते ताईच्या घरातूनच. भावोजी पहाटे साडेचारला धारा काढायला उठतात. मी त्यांना बेकार ठरवलं हे ताईच्या कानावर गेलं, तर यंदा भाऊबीजेच्या ताटात निरांजनाऐवजी मुसळ असेल.

वही तशीच पडली आहे, मंगळवारी द्यायची आहे. जाणकारांनी सांगावं, हे प्रकार खरंच असे वेगवेगळे कप्पे असतात का? (कुठल्या पक्षाच्या काळात किती बेकारी, यावर चार धागे आधीच चालू आहेत. तिकडे जावं ही विनंती.)

---

खवचट_आजोबा – रविवार, रात्री ९:५२

आमच्या हिच्या मते मी नोकरीत असताना छुपा बेकार होतो, निवृत्तीनंतर उघडा झालो. दोन प्रकार एका माणसात. लिहून टाका वहीत.

---

बे_एरियातली_चकली – रविवार, रात्री १०:०५

आजोबा 😀

तुमच्या धाकट्या भावाचं उदाहरण बरोबर आहे, पण घर्षणाला लागणारं वंगण सगळीकडे सारखं नसतं. गेल्या वर्षी इथे अमेरिकेत माझी नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी सुटली की ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर व्हिसाचा दुसरा काही मार्ग काढायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. माझं टीम लीडचं काम होतं, एकसष्टाव्या दिवसाच्या भीतीने मी दोन पायऱ्या खालची जागा घेतली. पुस्तक म्हणतं की घर्षणजन्य बेकारी चांगली, माणूस आपल्या लायकीची जागा शोधतो. शोधायला वेळ असेल तर ना!

दुसरं म्हणजे इथे दर महिन्याला, बहुधा पहिल्या शुक्रवारी, बेकारीचा आकडा येतो. त्यात बेकार म्हणून यायचं तर गेल्या चार आठवड्यांत काम शोधलेलं असावं लागतं. कंटाळून शोधणं सोडलं की माणूस त्या आकड्यातून गायब. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तो आकडा १० टक्क्यांवर गेला होता. हताश होऊन घरी बसलेले त्यात नव्हतेच.

---

सूक्ष्म_अर्थ – रविवार, रात्री १०:३१

बावीस वर्षं हेच शिकवतोय, तेव्हा थोडं लांबेल.

'छुपी बेरोजगारी' हा शब्द शेतीसाठी जन्मलाच नव्हता. केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी तो १९३६ साली वापरला तो मंदीतल्या औद्योगिक देशांसाठी. कारखान्यातून काढलेला माणूस घरी बसत नाही, बसून खाणार काय? तो लंडनच्या स्ट्रँडवर काडेपेट्या विकतो. मोजणाऱ्याला तो कामावर दिसतो. पण त्याच्या हातातलं कसब आणि आत्ताचं काम यात जी दरी आहे, ती बाईंच्या मते बेकारीच, फक्त वेष बदललेली. (या बाई लग्नानंतर काही काळ ग्वाल्हेरला राहिल्या होत्या, नवरा तिथल्या बालमहाराजांचा शिक्षक होता. आपल्याकडचे फेरीवाले बघून त्यांना हे सुचलं का, माहीत नाही. मला उगाच तसं वाटतं.)

शेतीला हे लेबल नंतर चिकटलं. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं की गरीब देशांच्या शेतीत एवढी माणसं अडकलेली आहेत, की त्यातली बरीचशी कारखान्यांनी उचलली तरी धान्य कमी होणार नाही. यावर थिओडोर शुल्ट्झ म्हणाले, तपासून बघू. त्यांनी पुरावा घेतला तो आपल्याकडचा, १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा. ती साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि देशभर माणसं पटापट गेली. शेतीतली माणसं खरंच जास्तीची असती, तर पेरा घटायला नको होता. शुल्ट्झ यांच्या हिशेबात तो घटला. त्यावर अमर्त्य सेन यांनी आक्षेप घेतले आणि वाद बरीच वर्षं चालला. मी वर्गात साध्या भाषेत सांगतो: तीन भावांतला एक मुंबईला गेला तर उरलेले दोघं रान ओढून नेतात, पण साथीत अख्खं घर गेलं तर रान पडीकच राहणार. दोन्हींत माणूस कमी झाला, पण गोष्ट एक नाही.

लुईस आणि शुल्ट्झ दोघांना १९७९ चं नोबेल एकत्रच दिलं गेलं. म्हणजे तुमच्या भाचीचा प्रश्न नोबेल समितीलाही एका बाजूने सोडवता आला नाही. तिला सांगा, बाबा बेकार नाहीत. त्यांच्या श्रमाला पुरेल एवढं रान नाही. कमतरता रानाची आहे, माणसाची नाही.

---

गिरणीचा_भोंगा – रविवार, रात्री ११:१८

काडेपेट्या वाचून थांबले. आमच्याकडे भाजी होती.

वडील कापडगिरणीत साचेखात्यात होते, चार साचे म्हणजे माग सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले दोन महिने चाळीत सुट्टीसारखं वातावरण होतं, खोटं कशाला सांगू. माणसं दिवसा घरी दिसायची याचंच आम्हा पोरांना अप्रूप. मग एकेक घर गावाला निघालं. कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला. आमचं गावी काहीच नव्हतं म्हणून आम्ही राहिलो. वडिलांनी भायखळ्याहून भाजी आणून लालबागच्या फुटपाथवर विकायला सुरुवात केली. ज्या माणसाला धाग्याचा आवाज ऐकून कुठला साचा बिघडणार ते कळायचं, तो मेथीच्या जुड्या मोजत बसला. त्यांच्या जिभेवर 'बेकार' हा शब्द कधी आला नाही. "तात्पुरतं" म्हणायचे. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्या अर्थाने अजून तात्पुरतंच चालू आहे.

आता प्रकारांचं. शाळेत मला शिकवलं की संप म्हणजे औद्योगिक कलह, विषय संपला. पण संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यायच्या आधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. बऱ्याच मालकांनी नवी यंत्रं आणायला पैसे घातले नव्हते. शिवाय १९४६ च्या कायद्याने उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना, त्यामुळे कामगाराला नको असलेली संघटनाच त्याच्या वतीने बोलणार. आणि या सगळ्याच्या खाली जमीन. परळ-लालबागची जमीन कापडापेक्षा महाग झाली. १९९१ च्या नियमांनी ती विकण्याची वाट उघडली, २००१ च्या बदलांनी रुंद केली. आता सांगा, ही तांत्रिक, संरचनात्मक, की आणखी काही? मला विचाराल तर एका गिरणीच्या दारात चारही कप्पे एकदम उघडले.

आणि एक राहिलं, बदली. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घ्यायचे ते बदलीवाले. माझा मोठा काका बदलीवाला होता. रोज सकाळी भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. महिन्यातले कधी बारा दिवस, कधी वीस. संपात त्याला "तुझं काय गेलं, तू कायम नव्हतासच" असं ऐकावं लागलं. त्याला कुठल्या प्रकारात घालणार?

---

खवचट_आजोबा – रविवार, रात्री ११:२६

ताई, खवचटपणा मागे घेतला. आमच्या ओळखीचे असे तीन जण होते. एक वॉचमन झाला, तोही गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरचा.

---

फाटक्या_वहीतला – सोमवार, सकाळी ७:५०

रोज वाचतो, लिहीत नाही. पण 'कुठल्या प्रकारात घालणार' हे काही वर्षं माझं कामच होतं. एका एजन्सीमार्फत घरोघरी जाऊन रोजगाराची पाहणी करायचो. तेव्हा कप्पे पुस्तकात असतात तसे नसतात. आकडे असतात.

स्वतःचा धंदा किंवा स्वतःचं रान कसणारा ११. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारा २१. महिन्याच्या पगाराचा ३१. रोजंदारीवाला ५१. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर तयार आहे, तो ८१. शिकणारा ९१, फक्त घरकाम ९२, पेन्शनवर बसलेला ९४. आजोबा, तुम्ही ९४. बेकार म्हणून गणला जातो तो एकटा ८१. नव्वदीतले सगळे 'श्रमशक्तीबाहेर', त्यांना टक्केवारीच्या छेदातसुद्धा जागा नाही.

भोंगाताई, तुमचे वडील ११. फुटपाथवरची टोपली म्हणजे स्वयंरोजगार. काका ५१, आणि ज्या आठवड्यात एकदाही पुकारा झाला नाही त्या आठवड्यात ८१.

आता खरी मेख. माणूस कामावर आहे की नाही, हे किती दिवसांवरून ठरवायचं? एक पद्धत वर्षाची. वर्षातला जास्त काळ काय केलंस ते बघायचं, आणि त्यात बेकार ठरला तरी जोडकाम म्हणून वर्षात तीसेक दिवस काम केलं असेल तर कामवाल्यात टाकायचं. दुसरी आठवड्याची. गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असेल तर कामावर. तिसरी रोजवारीची, अर्ध्या अर्ध्या दिवसाचा हिशेब. हंगामी माणूस सगळ्यात जास्त पकडला जायचा तो तिसरीत. या मोजण्या उगाच आल्या नाहीत. १९७० मध्ये प्रा. दांतवाला यांच्या समितीने सांगितलं की आपल्याकडे नोकरी आहे किंवा नाही असा सरळ मामलाच नाही, तेव्हा बेकारीचा एकच आकडा काढू नका. त्यानंतर १९७२-७३ पासून वेगवेगळे आकडे निघू लागले.

पेपरात २०२४ पर्यंत जो छापून यायचा तो बहुधा पहिल्या पद्धतीचा, म्हणजे सगळ्यात लहान. २०१७-१८ ला ६.१ टक्के होता, २०२३-२४ ला ३.२.

गावात दारात उभं राहून "गेल्या आठवड्यात काम केलंत का?" विचारलं की माणूस म्हणतो "काम कुठाय साहेब." मग विचारायचं, "जनावराला वैरण टाकली?" "ते काय काम झालं व्हय!" झालं. दूध विकत असेल तर तो आकड्यात कामावर गेला.

---

सदाशिव_पेठी_अभ्यासू – सोमवार, सकाळी ८:३३

खालच्या मजल्यावरचा दादा मी नव्हे, पण असू शकलो असतो. वय २९. सहा वर्षं. दोनदा मेन्स, एकदा मुलाखत, चार मार्कांनी बाहेर. अभ्यासिकेचं भाडं आणि मेस मिळून घरून जेवढे पैसे येतात, त्यात गावाकडे एक गाय आली असती. वडील असं बोलत नाहीत, मीच मनात हिशेब करतो.

फाटक्या वहीतले दादा, माझा आकडा कोणता? एम.ए.ला नाव घातलंय, वर्गात जात नाही.

'सुशिक्षित बेकार' म्हटलं की लोक सांगतात, पोरांना साहेब व्हायचंय, हाताने काम नको. राव, २०२४ ची पोलीस भरती बघा. सतरा हजारांवर जागा, सतरा लाखांवर अर्ज. साहेबाची नाही, शिपायाची जागा. इंजिनीअर पोरं पहाटे ग्राउंडला गोळा फेकत होती. कारण बाहेर जी नोकरी मिळते ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावर बारा-पंधरा हजारांची. ती घेतली तर अभ्यास संपला, नाही घेतली तर बेकार. यातलं ऐच्छिक कुठलं आणि सक्तीचं कुठलं, ते सरांनी सांगावं.

---

फाटक्या_वहीतला – सोमवार, सकाळी ८:५०

एम.ए.चं नाव सांगितलंत आणि पुढचं विचारायला मला वेळ नसेल, तर ९१. विद्यार्थी. खरं सांगितलंत तर ८१. तुमच्यासारखे किती ९१ मी भरले असतील, आठवत नाही. समोरची आई म्हणायची "शिकतोय", मी तेच टाकायचो. तिला मुलगा 'शोधतोय' म्हणायचं नसायचं.

---

सूक्ष्म_अर्थ – सोमवार, सकाळी ११:१०

अभ्यासू, उत्तर देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारताच्या अहवालात आहे, की २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४. हा आकडा दाखवला की वर्गात कोणीतरी म्हणतंच, "मग शिकून काय फायदा?" उलटं वाचायचं ते. ज्याच्या घरात दोन वेळची सोय आहे, त्यालाच ८१ होऊन थांबणं परवडतं. न शिकलेल्याला बेकार राहायची ऐपत नसते. तो मिळेल त्या भावाने ५१ होतो.

ऐच्छिक आणि सक्तीची ही वाटणी अर्थतज्ज्ञ केन्सच्या काळातली. आहे त्या मजुरीवर काम करायची तयारी असूनही काम नाही, ती सक्तीची. पण 'आहे ती मजुरी' म्हणजे सरकारी वेतनश्रेणी की अकरा महिन्यांचं कंत्राट? दोन बाजार शेजारी शेजारी आहेत आणि मधे भिंत आहे. तुम्ही भिंतीवर चढून बसला आहात. माझा मुलगाही बसला आहे, म्हणून बोलतो.

---

रानातला_राजा – सोमवार, दुपारी १:०५

सगळे बेकार बेकार करून राह्यले, अन् इकडं यवतमाळात कापूस वेचाले मानूस भेटून नाही राह्यला. किलोमागं भाव वाढवला, गाडी पाठवली, तरी बाया दुसऱ्याच्या वावरात. बोंडं फुटून लोंबून राह्यली. कोठं हाय बेकारी? फुकटचं राशन भेटते म्हनून लोक कामाले येत नाहीत, हे कोनी लिहिनार हाय का नाही?

---

माजलगावचा_मी – सोमवार, दुपारी २:२०

राजाभाऊ, वेचणी किती दिवस चालती? दोन महिने, लय तर अडीच. तेवढ्या दिवसात समद्यांचीच बोंडं एकदम फुटतेत. आन् बाकीचे नऊ-दहा महिने त्या बाया काय करत्यात, इचारलंय का कधी? बारमाही दिलं तर बारमाही येतील.

आमी कोयतेवाले, ऊस तोडणारे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. बाई एकली काम करती म्हणून कुठं लिहिलेलं नसतंय, अर्धा कोयता म्हणायचं तिला. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हंजी आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळीच्या आगंमागं गाडी निघती, सांगली-कोल्हापूर, न्हाईतर कर्नाटक. चैताच्या तोंडाला वापस. तवर उचल फिटली तर फिटली, न्हाईतर पुढच्या सालाला बाकी. आता सरांच्या पुस्तकात आमी हंगामी बेकार. पर आमचं उलटं हाय. सहा महिने काम न्हाई म्हणून बेकार न्हाई, सहा महिने काम न्हाई म्हणून उचल घ्यावी लागती, आन् उचल हाय म्हणून पुढच्या सहा महिन्याचा भाव आमी न्हाई ठरवत. बेकारी आन् काम एकाच दोरीला बांधलंय.

आता हार्वेस्टर आलंय. मशीन सपाट रानात, लांब सरीत जोरात चालतंय. आमच्याकडं उरतंय ते आडवं पडलेलं, चिखलातलं. हे तांत्रिक का काय म्हणतेत त्यात बसवा.

फाटक्यादादा, मला कोणता नंबर?

---

फाटक्या_वहीतला – सोमवार, दुपारी २:४१

५१. आणि तुमच्या घरी मी पावसाळ्यात आलो असतो तरी वर्षाच्या हिशेबात ५१ च. तोडीचे महिने पुरेसे होतात, उरलेले त्यात बुडून जातात. थंडीत आलो असतो तर दाराला कुलूप असतं आणि मी शेजारचं घर घेतलं असतं.

---

रानातला_राजा – सोमवार, दुपारी ३:१५

माजलगाववाले, तुमचं पटलं थोडंसं. राशनचं मात्र मी सोडत नाही. पन बारमाही द्याले माह्याजवळ बारमाही पानी तर पाह्यजे. मीच कोरडवाहू, मंग मी बी अर्धा बेकारच झालो की.

---

मांडवीकाठ – सोमवार, सायंकाळी ५:०२

गोव्यातून छोटीशी भर. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द. १६ मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. खाणीतल्या कामगारांचं नाव तरी कुठे कागदावर होतं. पण माझ्या भावाचे दोन ट्रक होते, कर्जावर. बार्जवाले, गॅरेजवाले, रस्त्यावरचा चहावाला यांना 'बेकार झाले' असं कोणी म्हणालंच नाही, कारण ते कोणाचे नोकर नव्हते. त्याच वेळी आमच्या विहिरींना पाणी परत आलं आणि शेतातली लाल माती कमी झाली, हेही लिहिलं पाहिजे. एकाच घरात भाऊ खाणीच्या बाजूने आणि वहिनी विरुद्ध. हा कुठला प्रकार ते ठाऊक नाही, जेवताना मात्र शांतता असायची.

---

गिरणीचा_भोंगा – सोमवार, सायंकाळी ६:३०

कोणीच ९२ बद्दल बोललं नाही. मी बी.कॉम., नऊ वर्षं एका ऑफिसात हिशेब सांभाळले. दुसऱ्या बाळंतपणानंतर परत गेले तर जागा 'भरली' होती. त्यानंतर चार वर्षं काम शोधलं, नंतर शोधणं सोडलं. म्हणजे शोधत होते तेव्हा ८१ आणि सोडल्यावर ९२. मी थकले तेव्हा देशाची बेकारी कमी झाली. 🙂

---

सूक्ष्म_अर्थ – सोमवार, सायंकाळी ७:१२

ताई, याचं उलटही चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला वाटा २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला ४१.७. ऐकायला झकास. पण त्यातली मोठी वाढ ११ आणि २१ मध्ये आहे, त्यातही खेड्यात. शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ ला ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तो २०२३-२४ ला ४६.१ झाला. लुईसच्या गोष्टीत माणसं शेतातून कारखान्यात जायला हवी होती. आपल्याकडे कोविडनंतर काही उलट्या वाटेने आली आणि परतलीच नाहीत. २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये शहरांतली बेकारी आठवड्याच्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या घरात गेली होती. तो आकडा खाली आला, पण सगळेच जुन्या कामावर गेले म्हणून नव्हे. काही जण भावाच्या साडेतीन एकरांत जाऊन २१ झाले.

मुख्य कारण मला तरी हेच वाटतं. उत्पन्न वाढतं त्या क्षेत्रांना माणसं थोडी लागतात, आणि माणसं आहेत त्या क्षेत्रात उत्पन्न वाढत नाही. बाकी शिक्षण, लोकसंख्या, यंत्रं ही कारणं भाचीने जरूर लिहावीत, मार्क त्यावरच आहेत.

---

खवचट_आजोबा – सोमवार, रात्री ८:४५

आता थोडं गंभीर लिहितो, पुन्हा लिहीन याची खात्री नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी विशीत होतो, कामावर हजेरी घ्यायला लागलो होतो. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. खडी फोडायला शेकडो माणसं, बायका जास्त. दुपारी सुकडी वाटायची. त्या गर्दीत माझ्या शाळेतले मास्तर मी बघितले. मान खाली घालून पाट्या उचलत होते. मी हजेरीत त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे 'सर' लिहून बसलो. मुकादमाने विचारलं हे काय.

वि. स. पागे यांनी रोजगार हमीची ही कल्पना तासगाव तालुक्यात आधी करून पाहिली होती. दुष्काळात ती राज्यभर लागली, १९७७ ला कायदा झाला: मागेल त्याला काम. देशाला असा कायदा २००५ साली मिळाला. खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापू लागले. तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० दिसतात ना, ते तेच. फेब्रुवारीत शंभर जादा का, म्हणून धागा काढणाऱ्या मंडळींनी नोंद घ्यावी.

ढिसाळपणा होता, खोटी हजेरीही होती, मी पाहिली आहे. पण त्या योजनेला 'तू कुठल्या प्रकारचा बेकार' हे विचारावं लागत नव्हतं. कामावर जो येईल तो बेकार. मोजणी आपोआप व्हायची. मजुरी एवढी कमी की गरज नसलेला येतच नसे. मास्तर आले होते.

---

सदाशिव_पेठी_अभ्यासू – सोमवार, रात्री ९:०१

आजोबा, _/\_

---

तिरकस_तिकोना – मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीला धागा वाचून दाखवला, काही प्रतिसाद गाळून. तिने सरळ बाबांनाच फोन लावला. फोन स्पीकरवर, मी हातवारे करतोय नको नको, पण ऐकते कुठे.

"बाबा, तुमच्यातल्या एका काकांना रानातनं काढलं तर चालेल का?"

पलीकडे जरा शांतता. मग भावोजी म्हणाले, "दहा महिनं चालंल. आल्याच्या काढणीला नाय चालायचं." पुन्हा थांबून, "काढून लावायचं कुठं ते आधी सांग. एमआयडीसीत धाकट्याला आठ महिनं ठेवला, मग घरी पाठवला. तवापासनं हितंच हाय." मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं धाकट्याला शेतीची आवड.

तिने छुप्या बेरोजगारीखाली हेच लिहिलं. "काढणीच्या दिवसात तिघे लागतात, इतर वेळी दोघे पुरतात. तिसऱ्याला बाहेर काम मिळाले होते पण ते टिकले नाही." व्याख्या पुस्तकातली तशीच ठेवली आहे. आज वही देऊन आली.

ताईचा फोन अजून आलेला नाही. वाट बघतोय.

---

माजलगावचा_मी – मंगळवार, रात्री १०:४०

ते वहीचे फोटो टाका की हितं. आमची पोरगी बी अकरावीलाच हाय, आजीपाशी ठिवली. आमी परवा निघतोय, गाडी आली. वाटंत रेंज असंल तवर तिला पाठवतो.

---

तिरकस_तिकोना – मंगळवार, रात्री १०:४४

वही बाईंकडे आहे. शुक्रवारी मिळाली की लगेच टाकतो. कच्चं लिहिलेली पानं माझ्याकडे आहेत, ती आत्ता टाकू का? अक्षर माझं आहे, लागलं तर विचारा.